लिथियम थर्मल बॅटरीचे डबे आणि हेडर : कुपवाडच्या शॉपमध्ये हे काम घ्यावे का, आणि घेतले तर कुठे फसते?

कुपवाड_शॉपफ्लोअर

मंडळी, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत टर्निंग आणि प्रेसचे शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, १०० टनी हायड्रॉलिक प्रेस आणि टिग वेल्डिंग एवढी सामग्री. काम पंपाच्या पार्टचे आणि ऑटोचे. आता क्षेपणास्त्रात बसणाऱ्या लिथियम थर्मल बॅटरीच्या स्टेनलेस डब्यांची चौकशी आली आहे. सोबत वरचे हेडर, म्हणजे काचेच्या सीलमधून पिना बाहेर काढलेले झाकण. चर्चेपुरता डबा ५० मिमी व्यासाचा आणि ७५ मिमी उंचीचा धरा, खरे माप वेगळे आहे.

ड्रॉइंगवर हेलियम लीक रेट, पॅसिव्हेशन (आम्लात धुऊन गंजरोधक थर पक्का करणे) आणि मटेरियलवर अशा अटी आहेत की साध्या डब्याला एवढे कशाला, असा प्रश्न शॉपमधली पोरे विचारतात. आधी ही बॅटरी आतून चालते कशी हे कळले तर अटींचा अर्थ लागेल. मग मटेरियल कोणते घ्यायचे, डबा ड्रॉ करायचा (पत्रा डायमध्ये दाबून खोल ओढायचा) की पाइपमधून काढायचा, लीक टेस्ट कशी बसवायची ते सांगा. शिवाय सांगलीच्या पावसाळ्यात ड्राय रूमशिवाय, म्हणजे अतिशय कोरड्या हवेच्या खोलीशिवाय, हे काम होईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

सातारकर_मटेरियल

पोरांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्यांना कळले की निम्मे रिजेक्शन तिथेच थांबेल.

थर्मल बॅटरी ही राखीव बॅटरी आहे. आतला इलेक्ट्रोलाइट म्हणजे क्षारांचे मिश्रण, आणि साध्या तापमानाला ते घट्ट असते. घट्ट असताना त्यातून आयन वाहत नाहीत, त्यामुळे बॅटरी जवळजवळ पूर्ण निद्रिस्त राहते आणि वीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ कपाटात टिकते. डागायच्या क्षणी आतला इग्नायटर पेटतो, प्रत्येक सेलला लागून असलेल्या उष्णतेच्या चकत्या जळतात आणि क्षार वितळतो. सेकंदाच्या आत पूर्ण व्होल्टेज हाती येते. पुढे काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत, जशी रचना असेल तशी ती चालते आणि क्षार परत गोठला की संपते. दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीतली, गेऑर्ग ओटो एर्ब यांची. पुढे बरीच वर्षे कॅल्शियम आणि कॅल्शियम क्रोमेटची जोडी चालली. १९७० च्या दशकापासून तिची जागा लिथियमच्या मिश्रधातूने आणि आयर्न डायसल्फाइडने घेतली. आज लिथियम थर्मल बॅटरी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच.

एका सेलमध्ये तीन दाबलेल्या चकत्या असतात. लिथियम-सिलिकॉन मिश्रधातूचा ॲनोड, मध्ये क्षार आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचा सेपरेटर, आणि आयर्न डायसल्फाइडचा कॅथोड. मॅग्नेशियम ऑक्साइडचे काम वितळलेला क्षार धरून ठेवायचे, नाहीतर तो बाजूने वाहून सेल शॉर्ट होतील. सेलमागे साधारण २ व्होल्ट मिळतात, भाराखाली त्याहून थोडे कमी. २८ व्होल्टसाठी १५-१६ सेल एकावर एक रचून दाबून बसवतात, भोवती उष्णतारोधक गुंडाळी करतात आणि हा सगळा ढीग तुमच्या डब्यात जातो.

आता तापमानाचे गणित बघा, कारण तुमच्या डब्याच्या अटी त्यातूनच येतात. लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडचे नेहमीचे मिश्रण ३५० अंश सेल्सिअसच्या जरा वर वितळते. आयर्न डायसल्फाइड ५५० अंशांच्या आसपास विघटित होऊ लागते आणि गंधक सोडते. ते गंधक ॲनोडवर गेले की आणखी उष्णता निर्माण होते आणि बॅटरी हाताबाहेर जाते. म्हणजे खेळायला खिडकी जेमतेम २०० अंशांची. बाहेर उणे ४० अंश असो वा अधिक ६०, चकत्यांची उष्णता तीच, आणि तेवढ्यात दोन्ही टोके सांभाळायची. त्यामुळे डब्याचा आतला व्यास, भिंतीची जाडी, उंची यात फरक पडला की गुंडाळी सैल पडते किंवा चिरडते, ढिगावरचा दाब बदलतो आणि हे गणित बिघडते. आतल्या व्यासाला अर्ध्या दशांशाचा (०.०५ मिमी) टॉलरन्स दिला असेल तर त्याचे कारण हे.

दुसरा शत्रू पाणी. लिथियम क्लोराइड साध्या तापमानाला ११ टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. हे पाणी आत राहिले आणि बॅटरी पेटली की लिथियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. त्याने डबा फुगतो. त्याहून मोठे नुकसान असे की हायड्रोजन हवेपेक्षा साधारण सातपट उष्णतावाहक आहे. तो रोधकाच्या छिद्रांत भरला की रोधक रोधक राहत नाही, ढीग लवकर गार होतो आणि बॅटरीचे आयुष्य कमी भरते. नुसत्या साठवणुकीतसुद्धा ओल शिरली तर ॲनोडवर हायड्रॉक्साइड चढते आणि कॅथोडचे सल्फेट होऊ लागते.

डबा म्हणजे वीस वर्षे ओल आणि प्राणवायू बाहेर ठेवणारी भिंत आहे. पोरांना एवढे सांगा.

एक गोष्ट स्पष्ट करतो. उष्णतेच्या चकत्या आणि इग्नायटर ही स्फोटकांच्या कायद्याखालची कामे आहेत. त्यांना २००८ चे स्फोटक नियम लागतात, परवाना नागपूरच्या पेसोकडून (स्फोटकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था). ते काम परवानाधारक बॅटरी उत्पादकच करतात. तुम्ही रिकामा डबा आणि हेडर यापुढे जाऊ नका, कुणी गळ घातली तरी.

वेल्डमास्तर_मिरज

मटेरियलवर मी लिहितो, कारण वेल्ड तिथेच बिघडतो.

३०४एल घ्या, म्हणजे कमी कार्बनचे स्टेनलेस. साधे ३०४ नको, कारण काचेचे सील भट्टीत ९५० अंशांच्या आसपास होते आणि गार होताना हेडर ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यातून सावकाश जाते. कार्बन जास्त असेल तर दाण्यांच्या सीमेवर क्रोमियम कार्बाइड धरते आणि पुढे तिथून गंज चालू होतो. ३०३ चे तर नाव काढू नका. लेथवर चिप छान तुटते म्हणून शॉपमध्ये ते आवडते, पण त्यातले गंधक वेल्डमध्ये गरम तडे पाडते. मटेरियलच्या रॅकवर ३०३ आणि ३०४एलचे बार शेजारी शेजारी उभे असतील तर आजच वेगळे करा आणि टोकांना रंग मारा. डोळ्यांनी फरक कळत नाही.

३१६एल चांगले असे सरसकट ऐकायला मिळते. गंजाला ते चांगले खरे, पण पल्स लेझर वेल्डिंगला ते जास्त तडकते. क्रोमियम-निकेल समतुल्यांचे गुणोत्तर साधारण १.७ च्या वर असले तर तडे टळतात. ३१६एल बहुतेक वेळा त्याच्या खाली राहते. टीसीवरचे (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचे) रासायनिक आकडे घेऊन हे गुणोत्तर हिशोबाने काढा, प्रत्येक हीटचे, म्हणजे एका वितळीतून आलेल्या मालाचे, वेगळे.

टिगने करणार असाल तर गंधकाचा उलटा त्रास आहे. ०.००५ टक्क्यांच्या खाली गंधक असलेली अतिस्वच्छ हीट आली की वितळ पसरट आणि उथळ होते, खोली मिळत नाही. त्याच करंटला जुन्या हीटमध्ये खोली पूर्ण मिळत होती, म्हणून वेल्डर मशीनला दोष देतो. आणि डबा एका हीटचा, हेडर दुसऱ्या हीटचे असे झाले की वितळ कमी गंधकाच्या बाजूला सरकते, सांध्याची एक कड न वितळता राहते. वरून मणी चकचकीत दिसतो, कापून पाहिल्याशिवाय काही समजत नाही. दोन्ही पार्टच्या हीटमधले गंधक जवळजवळ सारखे ठेवा आणि हीट बदलली की दोन नमुने उभे कापून, घासून, एच करून (आम्लाने वेल्डची कड उठवून) खोली मोजा.

सांध्याची रचना : हेडरच्या कडेला पातळ ओठ ठेवतात, डब्याच्या भिंतीच्या जाडीचा, आणि ओठाच्या मागे खाच असते. खाचेमुळे वेल्डची उष्णता काचेकडे सहज जात नाही. शॉपमध्ये कधी कधी टूल वाचवायला ही खाच उथळ काढतात, तसे केले की काच तडकलीच म्हणून समजा. डबा आणि हेडर यांच्यातली फट भिंतीच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. भिंत ०.८ मिमी असेल तर ०.०८ मिमी, त्याहून कमी राखलेली बरी. टॅक समोरासमोर मारा, आधी चार, मग मधले चार, मग पूर्ण फेरा, आणि शेवटी सुरुवातीच्या जागेवर थोडे चढून करंट उतरवत आणा. एकदम आर्क तोडला की शेवटच्या खड्ड्यात बारीक तडा राहतो आणि गळती नेमकी तिथे सापडते. बाहेरून तांब्याची चिल रिंग घट्ट बसवा. आर्गॉन ९९.९९९ टक्क्यांचा.

आणखी एक. पिनांना निकेल प्लेटिंग मागितले असेल आणि प्लेटरने पूर्ण हेडर इलेक्ट्रोलेस निकेलमध्ये बुडवले, तर वेल्डच्या ओठावर फॉस्फरस येतो. फॉस्फरसमुळेही तडे पडतात. ओठ झाकूनच प्लेटिंग करायला सांगा आणि तसे ऑर्डरवर लिहा.

वेल्डचे ट्रायल आत स्टीलच्या किंवा सिरॅमिकच्या चकत्या भरूनच घ्या. भरलेल्या बॅटरीवरचे शेवटचे वेल्डिंग बॅटरी उत्पादकाच्या जागेतच होते.

कुपवाड_शॉपफ्लोअर

फार उपयोगी माहिती. हेडर आम्ही ६० मिमीच्या ३०४एल बारमधून टर्न करायचे ठरवले होते, काच दुसरीकडे भरून घेणार. डबा ड्रॉ करायचा म्हटले तर १०० टनी प्रेस पुरेल का?

सातारकर_मटेरियल

बारमधून हेडर काढायच्या आधी थांबा. सगळ्यात छुपा दोष इथेच असतो.

बार रोल होताना धातूतले अशुद्धतेचे कण लांबट होऊन बारच्या लांबीच्या दिशेने ताणले जातात. हेडर म्हणजे बारची आडवी कापलेली चकती. म्हणजे ते ताणलेले धागे चकतीच्या जाडीतून आरपार उभे राहतात. चकती ४-५ मिमीची असेल आणि ओठाजवळ १ मिमीच्या खाली आली असेल, तर एखादा धागा या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचतो आणि हेलियम त्यातून जातो. काच उत्तम, वेल्ड उत्तम, तरी हेडर गळते. कारण सापडत नाही म्हणून काचवाल्याशी भांडण होते. शोधायचे तर हेलियमचा बारीक फवारा काचेवर न मारता धातूच्या सपाट भागावर मारून बघायचा.

उपाय दोन. एक, हेडर जाड पत्र्यातून किंवा प्लेटमधून काढा, म्हणजे धागे चकतीला समांतर आडवे राहतात. दुसरा, बारच हवा असेल तर इलेक्ट्रोस्लॅग किंवा व्हॅक्यूम आर्कने परत वितळवलेले मटेरियल मागवा. ते महाग पडते, पण रिजेक्शनच्या हिशोबात परवडते. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर मटेरियलचे रूप लिहिले असेल तर ते आधी बघा. प्लेट घ्यायची असेल तर त्यांच्याकडून लेखी होकार घ्या.

डब्याचे ब्लँक काढू या. ५० व्यास आणि ७५ उंचीसाठी ब्लँकचा व्यास म्हणजे व्यासाचा वर्ग अधिक चारपट व्यास गुणिले उंची, त्याचे वर्गमूळ. २५०० अधिक १५००० म्हणजे १७५००, वर्गमूळ साधारण १३२ मिमी. कड छाटायला ५-६ मिमी वाढवा. १३२ भागिले ५० म्हणजे २.६५. स्टेनलेसला पहिल्या ड्रॉमध्ये १.८ च्या पुढे जाऊ नये. म्हणजे पहिला ड्रॉ ७३-७४ मिमीवर, दुसरा ५७-५८ वर, तिसरा ५० वर. एवढ्या मापाला १०० टन भरपूर आहेत, ब्लँक होल्डरचा दाब स्वतंत्र ठेवता आला पाहिजे एवढेच. मध्ये अॅनिलिंग लागेल, १०५० अंशांच्या आसपास, व्हॅक्यूममध्ये किंवा हायड्रोजनच्या भट्टीत. बाहेर पाठवायच्या आधी ड्रॉइंग ऑइल पूर्ण काढा. क्लोरीनयुक्त तेल भिंतीवर राहून भट्टीत गेले की पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि ते पॅसिव्हेशनला निघत नाहीत.

शेवटच्या ड्रॉनंतर कोपऱ्याची जाडी बॉल मायक्रोमीटरने बघा. तळाच्या त्रिज्येजवळ भिंत सगळ्यात पातळ होते आणि स्फोटदाबाची टेस्ट असेल तर तिथूनच फाटते. पहिले काही डबे उभे कापूनच मोजलेले बरे.

पाइप आणि खाली वेल्ड केलेला तळ हा मार्गही चालतो. डाय वाचते, पण वेल्ड दोन होतात, म्हणजे गळायच्या जागा दोन. लॉट शे-दोनशेचा असेल तर पाइप, नियमित काम असेल तर ड्रॉ.

क्यूसी_पलूस

लीक टेस्टवर लिहायचे राहिले आहे, ते मी घेतो.

आधी आकड्याचा अर्थ. सेकंदाला एका सीसीचा दहा लाखावा भाग एवढी गळती म्हणजे वर्षाला साधारण ३१ सीसी. वीस वर्षांत सव्वासहाशे सीसी. अगदी वाईटात वाईट धरून ही सगळी पावसाळी हवा आत गेली, तर जवळपास १३ मिलिग्रॅम पाणी आणि १३० सीसी प्राणवायू. प्रत्यक्षात आत-बाहेर दाब सारखाच असल्याने इतके जाणार नाही, पण अट घालणारा वाईटाचाच हिशोब करतो. तेच दहा कोटीवा भाग असेल तर वीस वर्षांत ६ सीसीच्या आसपास. ड्रॉइंगवर यातला कोणता आकडा आहे ते बघा. यंत्र, फिक्स्चर, वेळ सगळे त्यावर ठरते.

साबणाच्या पाण्याने किंवा टाकीत बुडवून आधी बघू, मग हेलियमला लावू, असे करू नका. बारीक छिद्रात पाणी शिरले की ते हेलियमलाही अडवते आणि गळका पार्ट पास होतो. हेलियम आधी. पाण्यात बुडालेला पार्ट चुकून आलाच तर १२० अंशांना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये चार तास ठेवून मगच टेस्ट करा. कटिंग ऑइलचेही तसेच. टर्निंगनंतर अल्ट्रासॉनिक न करता टेस्टला आणलेल्या हेडरचा निकाल ग्राह्य धरू नका.

हेडरची टेस्ट सोपी आहे. फिक्स्चरवर ओ-रिंगवर हेडर ठेवायचे, खालून निर्वात, वरून हेलियमची टोपी. इथे फसवणूक ओ-रिंग करते. व्हिटॉनमधून काही मिनिटांत हेलियम झिरपू लागतो आणि सगळे पार्ट गळके दिसायला लागतात. पहिल्या मिनिटाच्या आतला आकडा घ्या आणि दर काही पार्टनंतर टोपी काढून फिक्स्चरला हवा खाऊ द्या. ब्युटाइलची रिंग कमी झिरपते. गळतीची जागा शोधायची असेल तर फवारा वरून खाली न्या, कारण हेलियम हलका आहे, वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरचा दोष खालच्या नावावर लागतो. रोज पाळी सुरू होताना आणि संपताना प्रमाणित लीकवर यंत्र तपासा आणि आकडा वहीत लिहा. तपासणीला येणारा माणूस पहिले ती वही मागतो.

भरलेल्या बॅटरीची टेस्ट वेगळी. ती हेलियमच्या दाबाखाली ठेवून मग निर्वातात मोजतात. त्यात मोठे छिद्र असेल तर मोजायच्या आधीच हेलियम निघून जातो आणि सगळ्यात वाईट पार्ट सगळ्यात चांगला दिसतो. म्हणून बारीक गळतीनंतर मोठ्या गळतीची टेस्ट सक्तीची. ते ग्राहकाचे काम, तरी माहीत असावे, कारण तिथे फेल झालेला पार्ट तुमच्याकडेच परत येतो.

काचेची तपासणी १० ते ४० पट मोठे करून. पिनेभोवतीच्या वर चढलेल्या काठावरचा छोटा टवका बहुतेक ड्रॉइंगला चालतो, पण पिनेपासून भोकाच्या भिंतीपर्यंत जाणारा तडा कधीच नाही. भोकाच्या भिंतीवर टूलचा लांबीच्या दिशेचा ओरखडा राहिला तर काच त्यात भरत नाही आणि गळतीचा मार्ग राहतो. भोक ड्रिलवर सोडू नका, बोअर किंवा रीम करा. दोन भोकांमधली भिंत पातळ असेल तर गार होताना धातूचा काचेवरचा दाब एका बाजूने कमी पडतो, तिथे काच सुटते. अशा जागा ड्रॉइंगमध्ये दिसल्या तर आधीच विचारा.

शुष्कहवा

ड्राय रूमबद्दल. डबा आणि हेडर बनवणाऱ्याला ड्राय रूम लागत नाही. चकत्या दाबणाऱ्याला आणि ढीग रचणाऱ्याला लागते. तरी आकडे देतो, कारण सांगलीत कुणी लिथियम सेलच्या जोडणीचा विचार करत असेल तर कामाला येतील.

पावसाळ्यात २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर घनमीटर हवेत जवळपास २० ग्रॅम पाणी असते. उणे ४० अंश दवबिंदूच्या खोलीत ते ०.१ ग्रॅमहूनही कमी हवे, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आत सापेक्ष आर्द्रता. आणि खोलीतले सगळ्यात मोठे पाण्याचे उगमस्थान माणूस. हलके काम करणारा एक माणूस तासाला १०० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो. ते वाहून न्यायला उणे ६० दवबिंदूची हवा तासाला सुमारे १२०० घनमीटर द्यावी लागते, एका माणसामागे. दोन माणसांच्या खोलीत तिसरा बघायला आला की दवबिंदू चढतो. दार उघडले की चढतो. वीज गेली आणि डेसिकंट चाकाचा हीटर बंद पडला की काही मिनिटांतच चढू लागतो. म्हणून छोट्या कामाला आर्गॉनचा ग्लव्हबॉक्स परवडतो. खोली बांधायचा खर्च मोठा आणि ती चालती ठेवायचा विजेचा खर्च त्याहून मोठा.

तुम्हाला काळजी घ्यायची आहे ती धुण्याच्या पाण्याची आणि पॅकिंगची. कृष्णाकाठच्या बऱ्याच भागात बोअरचे पाणी खारे आहे. त्याने शेवटचे धुतले तर पॅसिव्हेट केलेल्या डब्यावर क्लोराइड राहते आणि गोदामात तपकिरी ठिपके उठतात. शेवटचे दोन फेरे डीआय पाण्याचे (क्षार काढून टाकलेल्या पाण्याचे). पॅसिव्हेशन नायट्रिक २० ते ४५ टक्के, २१ ते ३२ अंश, किमान अर्धा तास. किंवा सायट्रिक ४ ते १० टक्के, ६० ते ७० अंश, किमान चार मिनिटे. सांडपाण्याच्या दृष्टीने सायट्रिक सोपे. सीरियल नंबर लेझरने मारायचा असेल तर तो पॅसिव्हेशनच्या आधी, कारण लेझरने जळलेली रेघ उघडी राहिली की तिथूनच गंज धरते.

पॅकिंग : १२० अंशांना चार तास व्हॅक्यूम ओव्हन, कोरड्या नायट्रोजनमध्ये गार, मग ॲल्युमिनियम लॅमिनेटच्या पिशवीत मॉलिक्युलर सीव्हसह सील. खूप कोरड्या हवेत सिलिका जेलपेक्षा सीव्ह जास्त पाणी धरते. आर्द्रतेचे कार्ड पिशवीत बाहेरून दिसेल असे ठेवा.

कुपवाड_शॉपफ्लोअर

आता कागदपत्रांचे आणि पुढे कुणाकडे जायचे ते सांगा. चौकशी एका मधल्या पुरवठादारामार्फत आली आहे. ड्रॉइंग इथे टाकू का, म्हणजे नेमके बोलता येईल?

क्यूसी_पलूस

ड्रॉइंग अजिबात टाकू नका. पार्ट नंबर नको, प्रकल्पाचे नाव नको, टेबलवरच्या डब्याचा फोटोसुद्धा नको. चौकशीसोबत गोपनीयतेचा करार आला असेल, तो वाचा. आला नसेल तर ड्रॉइंग उघडण्याआधी मागा. मधला माणूस करार टाळत असेल तर काम घेऊ नका.

क्षेपणास्त्राच्या पार्टची गुणवत्ता तपासणी हैदराबादच्या एमएसक्यूएएकडे (क्षेपणास्त्र प्रणालींची गुणवत्ता तपासणारी सरकारी संस्था) येते. पार्टची अंतिम पसंती बॅटरी उत्पादक आणि तपासणी संस्था मिळून देतात, मधल्या पुरवठादाराच्या तोंडी होकारावर डाय कापू नका. पुढे स्वतःच्या नावावर काही विकसित करायचे असेल तर डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी आणि २०१८ पासूनची आयडेक्स ही संरक्षण क्षेत्रातल्या नवकल्पनांची योजना हे दोन रस्ते लहान उद्योगांना खुले आहेत. पण आधी एक-दोन लॉट पुरवठादार म्हणून नीट द्या, मगच त्या वाटेला जा.

कागद कोणते : प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, त्यावरून हीट नंबर, हीटवरून मिलचे मूळ टीसी, ईएन १०२०४ मानकातल्या ३.१ प्रकारचे. व्यापाऱ्याने स्वतःच्या लेटरहेडवर टाइप केलेले टीसी चालत नाही. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत रसायन आणि ताकद स्वतः तपासून घ्या. पहिल्या पार्टचा मापन अहवाल ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन. अॅनिलिंगचा तापमान-वेळेचा आलेख, पॅसिव्हेशनच्या टाकीची नोंद, वेल्डरचे नाव आणि त्या पाळीतला कापलेला नमुना, लीक टेस्टचा आकडा. नुसते पास लिहून चालत नाही, आकडाच लिहायचा. वातावरणाच्या टेस्ट, म्हणजे कंपन, धक्का, उष्ण-शीत, खारट धुके, या बहुधा जेएसएस ५५५५५ (भारतीय सैन्याचे मानक) किंवा मिल-स्टँडर्ड ८१० (अमेरिकी सैन्याचे मानक) प्रमाणे मागतात. त्या पूर्ण बॅटरीवर होतात, पण मोकळ्या हेडरवर उष्ण-शीतचे फेरे तुमच्याकडून मागितले जाऊ शकतात. ते फेरे झाल्यावर हेलियम परत. फेऱ्याआधी पास झालेले सील नंतर गळणे हाच काचेचा नेहमीचा दोष आहे.

दर देताना ही टेस्ट आणि कापून टाकायचे नमुने धरून दर द्या. डबा घडवायला जितका खर्च तितकाच किंवा जास्त खर्च तपासायला येतो. पंपाच्या पार्टचा दर लावून हे काम घेतले की तिसऱ्या लॉटला टेस्ट गाळायचा मोह होतो, आणि ज्याच्या भरवशावर तो डबा वीस वर्षांनी चालायचा आहे तो सीमेवर असतो.

कुपवाड_शॉपफ्लोअर

समजले. हेडर प्लेटमधून काढायची परवानगी लेखी मागतो. शेवटचा प्रश्न, काच भरून आलेल्या हेडरच्या पिना आम्हालाच वाकवून द्यायच्या आहेत. ९० अंशांत. शॉपमध्ये साध्या पक्कडीने होईल का?

वेल्डमास्तर_मिरज

पक्कडीने नको. पिन बहुतेक निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची असते आणि वाकवताना जोर थेट काचेवर येतो. दोन भागांचा जिग करा : खालचा भाग काचेपासून किमान २ मिमी वर पिनेला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारा, वरचा भाग वाकवणारा. वाकाची आतली त्रिज्या पिनेच्या व्यासाइतकी, कमी नको. धरणाऱ्या जबड्यांच्या कडा मोडून गुळगुळीत ठेवा, नाहीतर प्लेटिंग खरवडते. एकदा वाकवलेली पिन परत सरळ करायची नाही. चुकली तर हेडर बाद. आणि वाकवल्यानंतर प्रत्येक हेडर पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आणि हेलियमवर, आधीचा आकडा कितीही चांगला असला तरी.